दिंडोरी परिसरातील रात्र-आकाश छायाचित्रण
दिंडोरी (जि. नाशिक) सुमारे २०° उत्तर अक्षांशावर असल्याने तेथून ध्रुवीय प्रकाश दिसण्याची अपेक्षा नसते; मात्र १०-११ मे २०२४ च्या रात्री तीव्र सौरवादळात लडाखमधील हानले येथून तांबडी आभा टिपली गेली. दिंडोरीच्या हिवाळी आकाशाचे वैभव म्हणजे मृग, कृत्तिका व व्याध. नाशिक शहराचा उजेड दक्षिणेस राहतो. उत्तरेकडील सातमाळा रांग आणि क्षितिजापासून सुमारे २०° वरील ध्रुवतारा एकाच चौकटीत घेता येतात. अमावास्येजवळची रात्र, तिपाई, एफ/२.८ छिद्रमानाचे विशालकोनी भिंग, आयएसओ १६००-३२०० आणि १५-२० सेकंदांचे उद्भासन योग्य. द्राक्षबागांच्या या पट्ट्यात पहाटे दव पडते, भिंग जपावे.