उसन्या अंगातली टर्की

मोताळ्याच्या स्टँडवर मलकापूर गाडीची वाट बघून कंटाळलात? चला मग, हाँगकाँगला. साल 1972, महिना नोव्हेंबर. तिकीट लागत नाही, सामानही नको. अंगसुद्धा उसनंच घ्यायचंय, पन्नाशीतल्या एका अफूबाजाचं.

कौलूनमधलं क्वाँग वा हॉस्पिटल. काय तक विमानतळाकडे निघालेलं विमान गच्च्यांना घासेल इतक्या खालून जातं, खाटेशेजारचा मग थरथरतो. खाली वॉटर्लू रोडवर हॉर्न, कॅन्टोनीजमधला आरडाओरडा आणि भाजलेल्या बदकाचा वास. त्या वासानंच तुम्हाला ढवळून येतं. अफू तुटलीये ना! आपल्याकडचे गर्दुल्ले जिला 'टर्की' म्हणतात, ती चढलीये. नाक गळतंय, डोळे गळतायत, जांभईवर जांभई. अंगावर काटा, तरी चादर घामानं चिंब. पोटात पिळा. पिंढऱ्या अशा ओढतायत की पाय काढून बाजूला ठेवावेत.

तुमच्या मेंदूची शस्त्रक्रिया ठरलीये. त्याआधी इथल्या डॉ. वेन यांना सुयांनी वेदना मारता येतात का, ते बघायचंय. हाताला सुया, कानाला सुया. टोचल्याचं फार काही नाही. पण सुयांना चिमटे लावून बारक्या यंत्राचं बटण फिरवलं, की अंगठ्याजवळचं मांस आपोआप टकटक उडायला लागतं. हसू नका, सुई हलेल! मुंग्या मनगटावरून वर सरकतात. विमानं येतायत, जातायत.

अरेच्चा, नाक कोरडं! पोटातला पिळाही सुटला. डॉक्टरांना उत्तर हवंय दुखण्याचं. तुम्ही सांगताय, टर्की गेली.

वेन यांनी मग चाळीस व्यसनींवर हे करून पाहिलं. हाँगकाँगमध्येच काम करणाऱ्या सर्जन मेग पॅटरसन यांनी पुढे इंग्लंडात सुयाच काढून टाकल्या, कानांमागे नुसते इलेक्ट्रोड चिकटवले. बीजिंगचे हान जिशेंग यांना आढळलं, की सेकंदाला विजेचे 2 ठोके दिले तर शरीर स्वतःची एक अफू सोडतं, 100 दिले तर दुसरीच. म्हणजे माल घरातच होता!

तुम्ही मात्र एवढ्यात उठू नका. काही तासांनी नाक पुन्हा गळेल, पुन्हा सुया लागतील. शिवाय थांबलीये ती कळ, तलफ नव्हे. खिशात सुटे डॉलर आहेत आणि अड्डा कुठल्या गल्लीत आहे, हे या पायांना तोंडपाठ आहे.