सायकलस्वाराची साधने : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

सायकलस्वाराची सुरक्षितता व सोय आणि सायकलची देखभाल यांसाठी मूळ सायकलीला जोडावयाची किंवा सोबत बाळगावयाची साधने. दिवे, परावर्तक, हेल्मेट, आरसा, घंटी, पंप, पंक्चरचे सामान, मडगार्ड, कॅरियर आणि कुलूप ही त्यांतील प्रमुख होत. कोणत्या साधनाला आधी पैसे घालायचे, हे रस्ता आणि वेळ यांवर ठरते. औद्योगिक पट्ट्यात हा क्रम क्रीडा-सायकलिंगच्या क्रमापेक्षा वेगळा लागतो.

पार्श्वभूमी : पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६० च्या दशकात भोसरी, चिंचवड, आकुर्डी भागांत औद्योगिक वसाहती आणि वाहननिर्मितीचे मोठे कारखाने उभे राहिले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे चाकण परिसरात १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा प्रकल्प सुरू झाला. पहिल्या पिढीतील कामगार कॅरियरला डबा लावून सायकलनेच कारखान्यात जात. त्यांतील बहुतेकांच्या घरी आता मोटारसायकल आली. तरीही महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, तळवडे या भागांत खोली घेऊन राहणारे कंत्राटी कामगार, हेल्पर आणि सुरक्षारक्षक यांच्यासाठी सायकल हेच हक्काचे वाहन आहे. दुसरा वर्ग हौशी सायकलस्वारांचा. निगडी, प्राधिकरण, चिंचवड येथून पहाटे देहू, आळंदी, लोणावळ्याकडे निघणारे हे स्वार आहेत. शहरातील इंडो ॲथलेटिक सोसायटीसारख्या संस्थांनी पंढरपूरच्या सायकल वारीची प्रथाही रुजवली आहे.

दोन्ही वर्गांना रस्ते तेच मिळतात. पुणे–नाशिक महामार्ग, तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्ता आणि देहू–आळंदी रस्ता यांवर कंटेनर, ट्रेलर आणि नव्या मोटारी वाहून नेणारी लांब वाहने दिवसरात्र धावतात. पाळी सुटण्याची वेळ अनेकदा अंधारात येते. त्यामुळे या पट्ट्यात दिसण्याची साधने पहिली, हवा-पंक्चरची दुसरी आणि आरामाची त्यानंतर, असा क्रम योग्य ठरतो.

दिवे व परावर्तक : पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा ही किमान गरज. जुन्या सायकलींना टायरवर घासून फिरणारा डायनॅमो असे. तो साधारणपणे ६ व्होल्ट, ३ वॅटचा असून सायकल थांबली की दिवाही विझे. चौकात थांबलेला स्वार त्यामुळे नेमका धोक्याच्या क्षणी दिसेनासा होई. चार्ज करता येणाऱ्या एलईडी दिव्यांनी ही अडचण दूर केली आहे. पुढच्या दिव्याचा झोत रस्त्याकडे किंचित झुकलेला असावा. समोरच्याच्या डोळ्यांवर येणारा झोत दोघांनाही घातक असतो.

परावर्तक आपल्यावर पडलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतो. म्हणून हेडलाइटमागे बसलेल्या चालकाला तो लांबून चमकताना दिसतो. पेडलवरचे परावर्तक सर्वांत गुणकारी, कारण ते वर-खाली होतात आणि पुढे सायकल आहे हे चालकाला लगेच ओळखू येते. सायकलींवरील परावर्तकांच्या दर्जासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. परावर्तकांवर चिखल बसला की ते निकामी होतात. ते ओल्या फडक्याने पुसणे हेही देखभालीतच मोडते.

जॅकेटच्या बाबतीत एक भेद महत्त्वाचा आहे. पोपटी किंवा नारिंगी चकाकता रंग दिवसा आणि संधिप्रकाशात उपयोगी पडतो. रात्री काम करतात त्यावरील रुपेरी परावर्ती पट्ट्या. रात्रपाळीच्या स्वाराने पट्ट्या असलेलेच जॅकेट घ्यावे. पाठीवर सॅक अडकवली की जॅकेट झाकले जाते, म्हणून सॅकवरही पट्टी हवी.

आरसा व घंटी : भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून आरसा हँडलच्या उजव्या टोकाला लावतात. मागून येणारा ट्रेलर त्यात वेळीच दिसतो. घंटी पादचाऱ्यांसाठी आणि शेजारच्या दुचाकीसाठी पुरेशी आहे. बंद केबिनमधल्या चालकाला ती ऐकू जात नाही. ट्रकच्या केबिनलगतची डावी बाजू चालकाला नीट दिसत नाही, आणि वळताना ट्रेलरची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आत कापत जातात. या जागेत शिरलेल्या स्वाराला कोणतेही साधन वाचवू शकत नाही. चाकणच्या चौकांत ट्रेलरच्या मागेच थांबणे हाच उपाय.

हेल्मेट, हातमोजे, पादत्राणे : सायकलच्या हेल्मेटमध्ये कडक फेसाचा थर असतो. डोके आपटताना तो थर चेपतो आणि आघात स्वतःत जिरवतो. एकदा चेपलेला थर पूर्ववत होत नाही, म्हणून मोठ्या आपटीनंतर हेल्मेट बदलावे लागते, मग ते वरून धड का दिसेना. युरोपचे ईएन १०७८ आणि अमेरिकेचे सीपीएससी ही त्यांची प्रचलित मानके आहेत. हेल्मेटची कड भुवईच्या वर दोन बोटांवर यावी, पट्टे कानाखाली जुळावेत आणि हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटे मावावीत.

कारखान्यातले पिवळे किंवा पांढरे हेल्मेट घालूनच घरी निघणारे कामगार या पट्ट्यात दिसतात. ते हेल्मेट मुख्यतः वरून पडणाऱ्या वस्तूपासून वाचवण्यासाठी बनवलेले असते. सायकलवरून पडताना ते डोक्यावर टिकेलच असे नाही. सेफ्टी शूज मात्र सायकलवर चालतात. त्यांचा तळ रुंद व कडक असल्याने गुळगुळीत प्लॅस्टिक पेडलऐवजी दातेरी, रुंद पेडल बसवून घ्यावे. पँटचा पायचा चेनमध्ये अडकू नये म्हणून पूर्वी लोखंडी चिमटा वापरत. आता वेल्क्रोची परावर्ती पट्टी मिळते आणि ती दोन कामे करते.

हवा व पंक्चर : औद्योगिक भागातील रस्त्याच्या कडेला पत्र्याचे तुकडे, यंत्रकामाचा लोखंडी चुरा आणि खिळे साचतात. त्यांहून त्रासदायक असतात ट्रकच्या झिजलेल्या टायरमधून गळालेल्या पोलादी तारा. अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असलेली अशी तार टायरमध्ये रुतून बसते, बाहेरून दिसत नाही आणि पंक्चर काढले तरी दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा भोक पाडते. ती शोधण्यासाठी टायरच्या आतून कापसाचा बोळा हळूहळू फिरवतात. तार असेल तिथे कापूस अडकतो. मग ती पक्कडीने ओढून काढतात.

सोबतच्या पिशवीत छोटा पंप, दोन-तीन टायर लिव्हर, पॉलिश पेपर, सोल्यूशन, पॅच, ॲलन कीचा संच आणि शक्यतो एक नवी ट्यूब असावी. ट्यूब पॉलिश पेपरने घासून, सोल्यूशनचा पातळ थर देऊन तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे आणि मगच पॅच दाबावा. ओल्या सोल्यूशनवर घाईने बसवलेला पॅच सुटतो.

ट्यूब घेताना इंचांवर विसंबू नये. जुन्या काळ्या सायकलचे २८ इंची चाक ६३५ मिलिमीटरच्या रिमचे, तर हायब्रिड सायकलचे ७०० चे चाक ६२२ मिलिमीटरच्या रिमचे असते. टायरच्या कडेवर छापलेला ३७-६२२ असा आकडा दुकानदाराला सांगावा. व्हॉल्व्हही तीन प्रकारचे असतात : जुन्या सायकलींचा रबरी नळीचा, मोटारसायकलसारखा जाड आणि परदेशी धाटणीचा बारीक. बारीक व्हॉल्व्हला पेट्रोल पंपावर हवा भरायची तर पितळी अडॅप्टर लागतो.

सामान वाहणे : डब्याची पिशवी हँडलला अडकवणे सर्वांत धोक्याचे. ती झुलते, हँडल ओढते आणि कधी पुढच्या चाकात जाते. सामान मागच्या कॅरियरवर, शक्य तितके खाली ठेवावे. दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पॅनियर पिशव्या त्यासाठी उत्तम. बांधायला जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी फुकटात मिळते आणि घट्ट बसते.

पावसाळा : मडगार्ड नसेल तर चाकावरचा चिखल पाठीवर, चेनवर आणि मागे येणाऱ्याच्या तोंडावर उडतो. लांब पोंचो चाकात अडकू शकतो. जॅकेट-पँटचा रेनकोट बरा. रिम ब्रेकच्या रबरात रेती रुतली की ती रिम खाते, म्हणून ब्रेक शू वरचेवर पुसावेत. चेन आधी कोरड्या फडक्याने पुसून मगच तेलाचे थेंब सोडावेत आणि वरचे जादा तेल टिपून घ्यावे. वापरलेले इंजिन ऑइल टाळावे. त्यावर धूळ बसून चेन लवकर झिजते.

कुलूप : बारीक केबलचे कुलूप पक्कडीने तुटते. यू आकाराचे कुलूप चाक आणि फ्रेम दोन्ही गुंतवून खांबाला लावावे. पेडलच्या धुरीखाली कोरलेला फ्रेम नंबर लिहून ठेवावा; चोरीची तक्रार देताना तो लागतो.

ई-सायकल : २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची मोटर, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि ६० किलोपर्यंत वजन या मर्यादांतील सायकल मोटार वाहन मानली जात नाही, म्हणून तिला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. वजन आणि वेग अधिक असल्याने तिला चांगले ब्रेक आणि हेल्मेट यांची गरज साध्या सायकलीपेक्षा जास्त असते.

निवड : खर्च बेताचा असेल तर आधी मागचा लाल दिवा आणि परावर्ती जॅकेट, मग हेल्मेट, पुढचा दिवा, पंप व पंक्चरचे सामान, त्यानंतर मडगार्ड आणि कुलूप. जेल सीट, सायकल कॉम्प्युटर, क्रीडा-जर्सी नंतर घेता येतात. कारखाने आपल्या कामगारांना आत वापरण्यासाठी हेल्मेट, बूट आणि चष्मे देतात. सायकलने येणाऱ्या कामगाराला त्यांनी एक लाल दिवा आणि परावर्ती जॅकेट द्यावे. खर्च किरकोळ आहे आणि गेटबाहेरचा रस्ताही त्या कामगाराच्या दिवसाचाच भाग आहे.