डक कॉल

डक कॉल हे रानबदकांच्या आवाजाची नक्कल करण्यासाठी तोंडाने फुंकून वाजवले जाणारे साधन आहे. उत्तर अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी त्याचा वापर रूढ आहे. बहुतेक डक कॉल मॅलार्ड जातीच्या मादीचा आवाज काढतात. कारण या जातीत ‘क्वॅक’ असा मोठा आवाज मादीच काढते, तर नराचा आवाज मंद व घोगरा असतो.

रचना

डक कॉल लाकूड, ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटपासून बनवतात. फुंकण्याची नळी आणि तिच्या टोकात घट्ट बसणारा दुसरा तुकडा, असे त्याचे दोन भाग असतात. दुसऱ्या भागातील ध्वनिपट्टीवर रीड नावाची लवचीक पत्ती पाचरीने बसवलेली असते. श्वासाच्या दाबाने पत्ती कंप पावून आवाज निर्माण होतो. एका पत्तीच्या कॉलमध्ये स्वरांचा पल्ला मोठा असला तरी नियंत्रण कठीण असते. दोन पत्त्यांचा कॉल नवशिक्यांना सोपा जातो.

इतिहास

डेट्रॉइट येथील एलम फिशर यांना १८७० मध्ये डक कॉलचे पेटंट मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी इलिनॉय राज्यातील फिलिप ओल्ट यांचा कठीण रबराचा ‘डी-२’ कॉल लोकप्रिय झाला. अमेरिकेत १९३५ मध्ये जिवंत बदके आमिष म्हणून वापरण्यास बंदी आल्यानंतर कृत्रिम बदके आणि कॉल यांचे महत्त्व वाढले.

प्राथमिक शिक्षण

नवशिक्याने गाल फुगवून न फुंकता पोटातून श्वास सोडावा लागतो. काचेवर वाफ धरण्यासाठी सोडतात तसा हा श्वास उबदार व दाबयुक्त असतो. प्रथम एकच ‘क्वॅक’ साधावा. त्याचा शेवट तुटक होणे आवश्यक असते, अन्यथा आवाज लांबून कृत्रिम वाटतो. त्यानंतर सुमारे पाच स्वरांची उतरती ‘स्वागत हाक’ आणि जलद, हलक्या स्वरांची ‘चाऱ्याची हाक’ शिकली जाते. नळीच्या टोकाशी हाताची ओंजळ उघडझाप करून आवाज कमीजास्त करता येतो.

हाक केव्हा थांबवावी, हे ओळखणेही तितकेच महत्त्वाचे असते. बदके दूर जात असताना हाक दिली जाते. ती सरळ जवळ येऊ लागल्यावर सहसा शांत राहतात. अतिरेकी हाकांमुळे पक्षी सावध होऊन निघून जातात. तळ्यावरील बदकांचे प्रत्यक्ष आवाज ऐकणे हा सरावाचा उत्तम आधार मानला जातो.

स्पर्धा

आर्कान्सा राज्यातील स्टटगार्ट या शहरात १९३६ पासून डक कॉल वादनाची जागतिक स्पर्धा भरते. ती थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास होते. रंगमंचावरील वादनशैली अधिक मोठी व आलंकारिक असल्याने ती प्रत्यक्ष शिकारीतील हाकांहून भिन्न असते.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत तोंडाने वाजवायचा कॉल वैध आहे. मात्र स्थलांतरित बदकांच्या शिकारीसाठी ध्वनिमुद्रित वा विद्युत यंत्राद्वारे वाढवलेल्या हाका वापरण्यास संघीय नियमांनुसार मनाई आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानबदकांची शिकार प्रतिबंधित आहे.