कलकत्त्याची चिनी चूल

रस्त्याकडेच्या गाडीवर मिळणाऱ्या चिनी नूडल्सच्या बशीमागे एका लहानशा समाजाचा दीर्घ इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टाँग अच्यू या चिनी व्यापाऱ्याने वॉरन हेस्टिंग्जकडून बजबजजवळ जमीन मिळवून तेथे साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून ते गाव अचिपूर झाले. पुढे आलेले चिनी लोक कलकत्त्याच्या तिरेट्टा बाजारात स्थिरावले. त्यांतील हाक्का लोकांनी टँगरा भागात कातडी कमावण्याचा धंदा उभारला.

१९६२ च्या युद्धाने हे शेजारी एकाएकी परके ठरले. सुमारे ३,००० जणांना राजस्थानात देवली येथे स्थानबद्ध करण्यात आले. सुटकेनंतर अनेकांनी देश सोडला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे कातड्याचे कारखाने शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला आणि पिढीजात धंदाही उखडला गेला. मागे राहिली ती चूल. टँगरा खाणावळींसाठी प्रसिद्ध झाले. कलकत्त्यातच जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत आले, लसूण व हिरवी मिरची घालून ‘मांचुरियन’ सिद्ध केले, असे सांगतात. तोच पदार्थ आज गावोगावच्या गाड्यांवर मिळतो. लोकांनी चव आपलीशी केली. ती देणाऱ्यांचे दुःख मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.