कासव, उंदीर आणि एक पेटी

दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या पाचसात वर्षांत इंग्लंड आणि अमेरिका या दोन मुलखांत, कोणत्याही सरकारच्या हुकुमावाचून आणि कोणाही कारखानदाराच्या मागणीवाचून, काही विद्वान माणसांनी घरी किंवा प्रयोगशाळेच्या एखाद्या कोपऱ्यात बसून जी विलक्षण विजेरी खेळणी घडवली, त्यांना यंत्रांच्या इतिहासात बहुधा तळटीपेपुरती जागा मिळते. माझ्या मते हा अन्याय आहे. त्याच काळात अमेरिकेत उभ्या राहिलेल्या ‘एनिअॅक’ या महागणकयंत्रात सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) होते, त्याचे वजन तीस टनांच्या घरात होते, आणि लष्कराच्या खजिन्यातून त्याचा खर्च भागवला गेला असल्यामुळे त्याची कागदपत्रे व्यवस्थित दफ्तरबंद झाली. उलट ज्या यंत्रात जेमतेम दोन व्हॉल्व्ह होते आणि ज्याची चाके मोडक्या घड्याळांतून काढलेली होती, त्याची कैफियत लिहून ठेवण्याची निकड फारशी कोणाला वाटली नाही. परंतु यंत्राला इच्छा असू शकते काय, अनुभवावरून ते शिकू शकते काय, हे प्रश्न केवळ शब्दांत न मांडता प्रत्यक्ष वस्तूच्या रूपाने लोकांपुढे आणले ते या क्षुल्लक भासणाऱ्या खेळण्यांनी.

चालत्याबोलत्या यंत्रांची हौस तशी प्राचीन आहे. भोजराजाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील ग्रंथात यंत्रविधानाला एक स्वतंत्र अध्याय दिलेला असून त्यात लाकडी पक्ष्यांची आणि यंत्रपुतळ्यांची वर्णने आहेत. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात व्होकान्साँ नावाच्या कारागिराने दाणे टिपणारे बदक करून पॅरिसच्या लोकांना थक्क केले होते. पण ही सारी यंत्रे ठरल्या क्रमाने ठरलेली कृती करीत. समोर भिंत आहे की दिवा आहे याची त्यांना गंधवार्ता नसे. १९१२ च्या सुमारास हॅमंड आणि मीसनर या दोन अमेरिकनांनी सेलेनियमच्या घटांवर चालणारा, कंदिलाच्या उजेडामागे फिरणारा ‘विजेचा कुत्रा’ तयार केला, तेव्हा परिस्थितीला प्रतिसाद देणाऱ्या खेळण्याची पहिली चाहूल लागली. तथापि ती कल्पना बहरण्यास आणखी पस्तीस वर्षे आणि दोन महायुद्धे जावी लागली.

त्यांपैकी दुसऱ्या महायुद्धाचा येथे संबंध दुहेरी आहे. पहिला संबंध केवळ सामानाचा. लढाई थांबताच विमानदळाचे आणि आरमाराचे बिनतारी संच, रिले (विजेने उघडझाप होणारे खटके), छोट्या मोटरी, तारांची भेंडोळी आणि मापकयंत्रे असा अवाढव्य सरंजाम कवडीमोलाने बाजारात आला, आणि लंडनमधील लाइल स्ट्रीटसारख्या गल्लीतील दुकानांतून तो कोणाही हौशी माणसाला विकत मिळू लागला. ग्लॉस्टरच्या बार्नवुड हाउस या मनोरुग्णालयातील डॉ. रॉस अॅश्बी यांनी १९४८ साली आपला ‘होमिओस्टॅट’ सिद्ध केला तो विमानांतून बॉम्ब टाकण्याच्या नियंत्रणयंत्रांच्या चार संचांतून; त्या चार पेट्या परस्परांना जोडलेल्या असत, आणि कोणी मुद्दाम जोडणीत बिघाड केला तरी आपापल्या काट्यांना मध्यावर आणण्याची वाट त्या स्वतःच शोधून काढीत. संहाराच्या साधनांतून स्वास्थ्य राखणारे यंत्र निर्माण व्हावे, ही घटना मला त्या काळातील अनेक तहनाम्यांपेक्षा अधिक आश्वासक वाटते.

दुसरा संबंध विचारांचा. ब्रिस्टल येथील बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये १९३९ पासून ग्रे वॉल्टर हा शरीरविज्ञानी मेंदूतील विद्युत्स्पंदनांचे आलेख काढण्याचे काम करीत असे. मेंदूतील गाठीची जागा मंदगती लहरींवरून हुडकता येते हे त्याने १९३६ मध्येच दाखवून दिले होते, आणि या कामासाठी लागणारी वर्धकयंत्रे तो स्वतःच्या हाताने जुळवीत असल्यामुळे सोल्डरिंगची कांडी त्याच्या हाताला परकी नव्हती. युद्धकाळात केंब्रिजचा तरुण मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक त्याच्याकडे आला. विमानाचा वेध घेणाऱ्या यंत्रांवर क्रेक काम करीत होता, आणि आपले लक्ष्य स्वतः शोधणाऱ्या यंत्राचे वर्तन सजीवाच्या वर्तनाशी कितपत जुळते, याची चर्चा दोघांत झाली. वॉल्टरने पुढे जी यांत्रिक कासवे घडवली त्यांच्या कल्पनेचे मूळ या भेटीत असल्याचे त्याने मोकळेपणाने नमूद केले आहे. क्रेकला मात्र ती कासवे पाहणे नशिबी नव्हते. १९४५ च्या मे महिन्यात, युरोपातील युद्धसमाप्तीच्या ऐन तोंडावर, केंब्रिजच्या रस्त्यावर सायकलीला झालेल्या अपघातात अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

वॉल्टरपुढचा प्रश्न असा होता : मनुष्याच्या मेंदूत अब्जावधी पेशी आहेत खऱ्या, पण वर्तनाची विविधता त्या पेशींच्या संख्येतून येते, की त्यांच्या परस्परसंबंधांतून? संबंधांतून येत असेल, तर दोनच पेशींचा मेंदू करून त्या आडव्यातिडव्या जोडल्यास काय होईल? या प्रश्नाचे उत्तर त्याने निबंध लिहून न देता १९४८-४९ मध्ये दोन कासवे घडवून दिले. एल्मर आणि एल्सी ही त्यांची नावे. प्रत्येकाच्या अंगी दोन व्हॉल्व्ह, दोन रिले, दोन मोटरी, एक फोटोसेल, एक स्पर्शाचा खटका आणि बॅटरी, एवढाच जिन्नस. दंतचक्रे जुन्या घड्याळांतून आणि गॅसच्या मीटरांतून काढलेली. तीन चाकांचा गाडा आणि त्यावर टांगलेली ढाल. शास्त्रज्ञ प्राण्यांना देतात तसे लॅटिन जातिनामही त्याने या कासवांना बहाल केले.

या कासवाची रचना थोड्या तपशिलाने सांगणे अवश्य आहे, कारण तिची थोरवी तिच्या काटकसरीत आहे. एक मोटर पुढचे चाक फिरवी, दुसरी तेच चाक सुकाणूसारखे वळवीत राही. फोटोसेल सुकाणूच्या दांड्यावर बसवलेला असल्यामुळे चाकाचे तोंड जिकडे तिकडेच त्याची दृष्टी. अंधारात सुकाणू अखंड फिरत असल्यामुळे कासव वळसे घेत घेत पुढे सरके आणि त्याची नजर चहूकडे फिरे. मध्यम उजेड दिसला की सुकाणू थांबे आणि कासव सरळ उजेडाकडे निघे. जवळ जाता उजेड प्रखर झाला की सुकाणू पुन्हा वळू लागे आणि कासव दिपल्यासारखे बाजूला होई. ढाल एखाद्या अडथळ्याला लागली की खटका जुळे, दोन व्हॉल्व्हची वर्धक जोडणी आंदोलक बने, आणि कासव उजेडाची सारी ओढ विसरून आलटून पालटून वळत आणि ढकलत त्या अडथळ्यातून वाट काढी. बॅटरी उतरू लागली म्हणजे त्याची संवेदनशक्ती मंदावे, आणि त्यामुळे जो प्रखर दिवा त्याला एरवी पळवून लावी तोच आता सुसह्य वाटू लागे. असा दिवा लावलेल्या खुराड्यात ते आपण होऊन शिरे, तेथे बॅटरी भरून घेई, आणि भरल्यावर दिव्याचा त्रास होऊन पुन्हा बाहेर पडे. भूक आणि तृप्ती यांसाठी निराळा एकही सुटा भाग त्यात घातलेला नव्हता, हे वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

सर्वांत नवलाची गोष्ट मात्र कर्त्याच्या योजनेतही नव्हती. सुकाणूची मोटर चालू आहे की नाही हे कळावे एवढ्यासाठी वॉल्टरने कासवाच्या डोक्यावर एक बारीक दिवा बसवला होता. मोटर थांबली की दिवा विझे. हे कासव आरशासमोर आले तेव्हा त्याला स्वतःचाच दिवा दिसला. दिसताच सुकाणू थांबले आणि दिवा विझला. विझताच उजेड नाहीसा झाल्यामुळे सुकाणू फिरू लागले आणि दिवा पुन्हा पेटला. अशा रीतीने ते कासव आरशापुढे लुकलुकत, थरथरत रेंगाळत राहिले. दोन कासवे समोरासमोर आली असताही असाच, पण याहून वेगळ्या चालीचा खेळ होई. हे आत्मज्ञान आहे असा दावा करणे उतावीळपणाचे ठरेल. पण हाच प्रकार एखाद्या जिवंत प्राण्यात दिसला असता तर त्याला आत्मपरिचयाचा पुरावा म्हणून मान्यता मिळाली असती, हा वॉल्टरचा युक्तिवाद आजही सहजासहजी खोडून काढता येत नाही.

१९५० च्या मे महिन्यात ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात वॉल्टरचा लेख आल्यावर कासवांची कीर्ती अटलांटिकपलीकडे गेली. बर्डन संस्थेतील वॉरन नावाच्या तंत्रज्ञाने १९५१ मध्ये अधिक टिकाऊ अशी सहा कासवे तयार केली, आणि त्यांपैकी तीन त्या वर्षीच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या राष्ट्रीय महोत्सवात मांडली गेली. अमेरिकेत एडमंड बर्कली याने चेंडूरूपी फळे गोळा करणारी ‘स्क्वी’ नावाची विजेरी खार केली, आणि ‘सायमन’ या अगदी लहान रिलेगणकाची बांधणी कशी करावी याची लेखमाला ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात १९५० पासून चालवली. हे लेख वाचून आपल्या घरी टेबलावर तारा जोडणाऱ्या अज्ञात हौशी मंडळींची नोंद कोठल्याही दप्तरात नाही, परंतु या प्रथेचे खरे वारस तेच होत.

आता क्लॉड शॅनन. मिशिगन प्रांतातील गेलॉर्ड या लहानशा गावात वाढलेल्या या मुलाने कुंपणाच्या काटेरी तारेचा उपयोग करून अर्ध्या मैलावरील मित्राच्या घरापर्यंत तारायंत्र नेले होते. पुढे १९३७ च्या आपल्या प्रबंधात त्याने रिलेंच्या जोडण्या आणि तर्कशास्त्रातील बीजगणित ही एकच गोष्ट असल्याचे सिद्ध केले, आणि १९४८ मध्ये संदेशवहनाचे गणित मांडून आजच्या साऱ्या दूरसंचाराचा पाया घातला. एवढी योग्यता संपादन केल्यानंतर मनुष्याने खेळण्यांत रमावे याचे कित्येकांना आश्चर्य वाटले. मला वाटत नाही. कारण त्याच्या गणितातील रिले आणि खेळण्यातील रिले यांत त्याने स्वतः कधीच भेद मानला नाही.

१९५० मध्ये त्याने ‘थीसिअस’ नावाचा उंदीर केला. पंचवीस घरांचा चौरस पट, हव्या तेथे बसवता येणाऱ्या सुट्या भिंती, आणि त्यात फिरणारा तांब्याच्या मिशांचा, पोटात लोहचुंबक असलेला उंदीर. पहिल्या फेरीत तो प्रत्येक भिंतीवर आपटत, चुकत, परतत मुक्कामाला पोचे. दुसऱ्या फेरीत एकही चूक न करता सरळ जाई. भिंती बदलल्या की जुने विसरून नवे शिके. खरी स्मृती उंदरात नसून पटाखाली होती : त्या घरातून उंदीर शेवटी कोणत्या दिशेने बाहेर पडला हे राखण्यासाठी प्रत्येक घरामागे दोन रिले, आणि पटाखालून उंदराला ओढणारा फिरता विद्युच्चुंबक. ज्या रिलेंनी शहरोशहरीची टेलिफोनची एक्स्चेंजे चालत, तेच हे रिले. शॅननची पत्नी बेटी स्वतः गणिती असून, शॅनन काम करी त्याच बेल टेलिफोन प्रयोगशाळेत नोकरीस होती, आणि या उंदराच्या तारांची जोडणी तिच्या हातची होती. शॅननच्या नावाने मिरवणाऱ्या या यंत्रावर तिचाही हक्क आहे, आणि तो प्रत्येक इतिहासकाराने स्पष्ट शब्दांत लिहिला पाहिजे.

१९५२ च्या उन्हाळ्यात मार्व्हिन मिन्स्की हा तरुण गणिती बेल प्रयोगशाळेत शॅननच्या हाताखाली आला असता त्याने एक कल्पना सुचवली, आणि शॅननने ती प्रत्यक्षात आणली. सिगारच्या डब्याएवढी एक लाकडी पेटी; बाहेर एकच खटका. तो दाबला की आत घरघर होई, झाकण हळूच उचले, आतून एक हात बाहेर येऊन खटका पूर्ववत करी आणि आत जाई. झाकण मिटे, घरघर थांबे. याखेरीज त्या पेटीला कसलेही काम नव्हते. आर्थर क्लार्क या लेखकाने ती शॅननच्या टेबलावर पाहिली आणि १९५८ च्या आपल्या ‘व्हॉइस अॅक्रॉस द सी’ या पुस्तकात तिचे वर्णन केले, तेव्हापासून ती जगभर प्रसिद्धीस आली. कासवाने भूक दाखवली, उंदराने स्मृती दाखवली. या पेटीने दाखवला तो केवळ नकार. यंत्राचे प्रयोजन म्हणजे त्याच्या मालकाचे प्रयोजन, असे आपण गृहीत धरून चालतो; ज्याचे एकमेव प्रयोजन मालकाचा हुकूम मागे घेणे आहे असे यंत्र पाहताच ते गृहीत डळमळते. तत्त्वज्ञानातला एवढा मोठा पेच इतक्या थोड्या सामानात मांडलेला मला दुसरा ठाऊक नाही.

शॅनन २००१ साली निवर्तला. त्याची कित्येक यंत्रे केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी.च्या संग्रहालयात आहेत, आणि वॉल्टरचे एक कासव वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जाऊन बसले आहे. तेथवर जाणे सर्वांना साधणार नाही, पण पेटी घरी करता येते. एक टॉगल स्विच, एक लिमिट स्विच, एक गिअर मोटर, दोन-चार सेल आणि एक लाकडी डबा इतकेच सामान लागते, आणि ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. टॉगल असा जोडावा की तो उलटला म्हणजे मोटरीतील प्रवाहाची दिशा उलटेल. मोटरीच्या दांड्यावरील हात पुढे येऊन टॉगल पाडील, प्रवाह उलटून हात मागे फिरेल, आणि आत पोचताच परतीच्या मार्गावर बसवलेला लिमिट स्विच दाबून प्रवाह तोडील. शाळेतील शिक्षकांनी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांच्या हाती एकदा हे सामान द्यावे, जोडणी त्यांची त्यांना करू द्यावी, आणि या पेटीचा उपयोग काय असे त्यांना विचारू नये.