इंजिन नाही, बॅटरी नाही. तरी ठरल्या खुणेवर थांबायला हवी अशी गाडी

सायन्स ऑलिंपियाड म्हटलं की बेळगाव असो, पणजी असो की इंदूर, पालकांच्या डोळ्यांसमोर गोल काळे करायची उत्तरपत्रिका येते. अमेरिकेत याच नावाची स्पर्धा अगदी निराळी आहे. १५ विद्यार्थ्यांचा संघ, २३ प्रकार, आणि त्यातले काही प्रकार हाताने वस्तू बनवून सगळ्यांसमोर चालवून दाखवायचे. १९८५ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत तिची पहिली राष्ट्रीय फेरी झाली. ‘ग्रॅव्हिटी व्हेईकल’ हा त्यातला नववी ते बारावीच्या गटाचा प्रकार. तो दरवर्षी नसतो आणि मापांचे नियमही बदलत राहतात, पण मूळ खेळ तोच राहतो.

संघाने गाडी आणि रॅम्प दोन्ही स्वतः बनवायचे. पेन्सिलीने खटका सोडला की गाडी रॅम्पवरून उतरते, जमिनीवर काही मीटर धावते आणि खुणेवर आपोआप थांबते. ढकलायचं नाही. मोटर, स्प्रिंग, रबर काही चालत नाही. खरी मेख अशी की खूण किती मीटरवर असेल हे गाडी परीक्षकांच्या ताब्यात दिल्यानंतरच कळतं. शेवटी टेप लावून गाडी आणि खूण यांतलं अंतर मोजतात, वेळही धरतात. मॉडेलशेजारी उभं राहून पाठ केलेली माहिती सांगायची सोय इथे नाही.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर जमेला एकच रक्कम असते, ती म्हणजे उंची. गाडी १ मीटर खाली आली आणि वाटेत काहीच वाया गेलं नाही, तर वेग मिळतो सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर. गाडी जड असो वा हलकी, हा आकडा तोच. खर्च मात्र अनेक. चाकं फिरवण्यातच बरीच रक्कम जाते. गाडीचं सगळं वजन भरीव चकत्यांसारख्या चाकांत असेल तर तोच वेग ३.६ मीटरवर येतो. म्हणून चाकं हलकी हवीत. जुन्या सीडी त्यासाठीच वापरतात, आणि पकड यावी म्हणून कडेला फुग्याचं रबर चढवतात. दुसरा मोठा खर्च रॅम्पच्या पायथ्याशी होतो. सरळ फळी जमिनीला कोनात टेकली की चाकं आपटतात. तिथे गोलाई दिली तर वेग टिकतो. वजन मागे ठेवलं तर ते रॅम्पवर जास्त उंचीवरून सुटतं, पण फार मागे नेलं की पुढची चाकं हलकी होऊन गाडी भरकटते. (उतरायला सर्वांत कमी वेळ लागेल असा वक्र कोणता, हा प्रश्न योहान बर्नुलीने १६९६ मध्ये युरोपातल्या गणितींना घातला होता. उत्तर निघालं सायक्लॉइड. शाळकरी गाडीला त्यातून सेकंदाचा छोटासा अंश मिळतो, त्यामुळे तिथे फार अडकू नये.)

थांबण्याची युक्ती

जीव ओतायचा तो ब्रेकवर. त्याची प्रचलित रचना हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सामानातून होते. मागचा अ‍ॅक्सल म्हणून पूर्ण आटे असलेला रॉड घ्यायचा आणि त्यावर विंग नट चढवायचा. नटाचे पंख फिरू नयेत म्हणून शेजारी चौकटीला एक तार किंवा पट्टी लावायची. चाक फिरतं, रॉड फिरतो, नट मात्र फिरू शकत नसल्याने आट्यांवरून सरकत जातो. एकमेकांवर घट्ट आवळलेल्या दोन नटांना जाऊन भिडला की रॉड अडकतो, मागची चाकं बंद होतात आणि गाडी थोडी घसरून थांबते.

आता आकडे बघा. सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी ३७.७ सेंटिमीटर जाते. ९.५ मीटरसाठी सव्वापंचवीस वळसे. ६ मिलिमीटरच्या साध्या रॉडवर दोन आट्यांतलं अंतर १ मिलिमीटर असतं, म्हणजे नट जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकतो. मांडताना नट आधी पूर्ण भिडवायचा, मग मोजून तेवढे वळसे उलटा सोडायचा. पाव वळसा चुकला की ९ सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो, म्हणून चाकाच्या कडेवर अंशांच्या खुणा केलेल्या बऱ्या. साडेनऊ अंश म्हणजे १ सेंटिमीटर. नट रॅम्पवर असतानाच सरकू लागतो, त्यामुळे रॅम्पवरचा प्रवासही वळशांत धरावा लागतो आणि शेवटचं घसरणं वजा करावं लागतं. वेग दुप्पट झाला तर घसरणं चौपट होतं, हेही लक्षात ठेवायचं. आणि सीडी दोन्ही बाजूंनी वायसर-नट लावून रॉडवर पक्की हवी. ती रॉडवर जराशी जरी सुटी फिरली तरी सगळा हिशेब फुकट.

ब्रेक जमला तरी गाडी वाकडी गेली तर उपयोग नाही. दोन अ‍ॅक्सलमध्ये ४० सेंटिमीटर अंतर आहे, चाकं एकमेकांपासून १५ सेंटिमीटरवर आहेत, आणि एका बाजूचं टोक फक्त १ मिलिमीटर पुढे बसलं, तर १० मीटर धावल्यावर गाडी सुमारे ८३ सेंटिमीटर बाजूला गेलेली असते. एवढ्याशा मिलिमीटरची ही किंमत! भोकं अंदाजाने न पाडता सुताराचा गुण्या लावून पाडावीत, आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या एका टोकाला थोडं पुढे-मागे करायची सोय ठेवावी.

गाडीपेक्षा वही मोलाची

समजा दोन गाड्या ९ मीटरसाठी पाच-पाच वेळा सोडल्या. पहिली थांबली ८.६०, ९.३५, ९.०२, ८.७१ आणि ९.३२ वर. सरासरी बरोबर ९ मीटर. दुसरी ८.८१, ८.८३, ८.८२, ८.८० आणि ८.८४ वर, दर वेळी सुमारे १८ सेंटिमीटर कमी. बऱ्याच मुलांना पहिली आवडते, पण घ्यावी दुसरी. तिला अर्धा वळसा जास्त दिला की काम झालं. पहिलीत काहीतरी ढिलं आहे आणि ते सापडेपर्यंत तिच्या सरासरीला अर्थ नाही. म्हणून प्रत्येक फेरीचे वळसे, अंतर, बाजूला गेलेले सेंटिमीटर, वेळ आणि फरशीचा प्रकार रोजमेळासारखे त्याच दिवशी लिहायचे, फसलेली फेरीसुद्धा. एका वेळी एकच बदल करायचा. वळसे आणि अंतर यांचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत यायला हवा. तो आला की कुठलंही अंतर जाहीर होऊ दे, वळसे वहीतूनच निघतात.

ही वही गाडी कोणी बनवली याचाही दाखला असते. उतारावरच्या गाड्यांच्या स्पर्धांत मोठ्यांची लुडबूड जुनी आहे. अमेरिकेतच ओहायोमधल्या अ‍ॅक्रन इथे मुलांच्या गाड्यांची सोप बॉक्स डर्बी भरते. १९७३ मध्ये तिथल्या १४ वर्षांच्या विजेत्याच्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक लपवलेलं सापडलं आणि बक्षीस काढून घेतलं गेलं. सुरुवातीच्या लोखंडी फळीकडे खेचून गाडीला झटका मिळावा, अशी ती करामत. मुलगा त्यात एकटा नव्हता, घरातल्या मोठ्याचा हात होता.

सीमाभागातल्या शाळांना हा प्रकार करून पाहायला खर्च फारसा नाही. प्लायवूड, रॉड, नट, चार जुन्या सीडी एवढंच लागतं. अटल टिंकरिंग लॅब असेल तर अवजारंही हाताशी असतात. अडचण येते ती जागेची, कारण वर्गातली फरशी आणि स्पर्धेच्या हॉलची फरशी सारखी नसते. म्हणून सराव किमान दोन प्रकारच्या जमिनीवर हवा. स्पर्धेत दोन फेऱ्या मिळत असतील तर पहिली फेरी म्हणजे त्या हॉलचं मोजमाप समजावं. गाडी १२ सेंटिमीटर पुढे गेली, तर नट साधारण एक तृतीयांश वळसा कमी सोडायचा, चाकांवरची धूळ पुसायची, गाडी रॅम्पवर पुन्हा त्याच रेघेवर ठेवायची आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही.