शेवटच्या वाडीचं टपाल

माझे थोरले काका मुंबईतल्या वेसाव्यात टपाल वाटायचे. बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांखालून वाकून जाताना खाकी पिशवीला वास लागायचाच. हंगामात त्या पिशवीतला सगळ्यात मोलाचा ऐवज म्हणजे मनिऑर्डरची पोच. बोटींवरचे कितीतरी खलाशी दापोली-गुहागरकडचे. त्यांचे फॉर्म काकाच भरून देत. तळाशी निरोपाला चार ओळींची जागा असे, तिथे ‘पोराला शाळेत घाल’ एवढंच लिहीत. काही दिवसांनी पोच यायची. तिच्यावरचा अंगठा खलाशी उजेडात धरून निरखायचा, “तिचाच” म्हणायचा आणि बोटीकडे वळायचा.

गाव स्टेशनाजवळ असो की डोंगरापलीकडे, मनिऑर्डरचं कमिशन एकच. “फोर्टातल्या पेढ्यांच्या टपालावर मिळतं, ते कोकणातल्या वाडीवर खर्चायचं. पोस्टाचा धंदा म्हणतात तो एवढाच,” काका सांगत.

हे त्यांना युनियनमधल्या जुन्या मंडळींनी शिकवलेलं. त्यांच्या तोंडी कायम १९४६चा संप असे. ११ जुलैला पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतले कर्मचारी देशभर कामावरून उतरले. पुढारी मुंबईचे दळवी. इथे होड्या पावसाळ्यासाठी शाकारलेल्या, आणि गावाकडचं पत्रही बंद. २९ जुलैला संपकऱ्यांच्या पाठिंब्यासाठी सगळं कलकत्ता थांबलं. संप पगार-भत्त्यांचा होता, पण पोस्टमन नसला की काय होतं, ते लोकांना तेव्हा कळलं.

काकांच्या वाट्याला आली ती वेगळी लढाई. १९९१च्या अखेरीस जागतिक व्यापार करारासाठीचा डंकेल प्रस्ताव आला. गावोगाव चर्चा बियाण्यांची; पोस्टाच्या गेट मीटिंगमध्ये मात्र सेवांच्या व्यापाराची. १९९४ला माराकेशला त्या करारावर सह्या झाल्या, १९९५ला जागतिक व्यापार संघटना उभी राहिली. कामगारांची धास्ती साधी होती: कंपन्या शहरातली मलई खाणार, आणि वाडीसाठी पोस्टाने राखलेला आधार ‘अन्यायकारक स्पर्धा’ ठरवणार. ही धास्ती हवेतली नव्हती. १९९९मध्ये यूपीएस या अमेरिकी कंपनीने उत्तर अमेरिकेच्या नाफ्टा व्यापार कराराखाली कॅनडा सरकारवर दावा लावला. तिथलं पोस्ट आपल्या जाळ्याचा फायदा स्वतःच्या कुरिअरला देतं, अशी तक्रार. तिथली टपाल युनियनही त्यात उतरली. २००७ला कॅनडा जिंकला, पण आठ वर्षं सरकारला पोस्टाची बाजू मांडत बसावं लागलं.

आपल्याकडे १८९८च्या कायद्याने पत्रं पोचवण्याचा हक्क पोस्टालाच दिला होता. कुरिअरवाले पत्राला ‘डॉक्युमेंट’ म्हणत आणि बिनघोर फिरत. टपाल कार्यालय कायदा २०२३ आला, १८ जून २०२४पासून लागू झाला, आणि तो हक्क कागदावरूनही गेला. मक्तेदारी उरली ती तिकिटं काढण्याची. हा हक्क कुणा परक्याने काढून घेतला नाही, आपल्याच संसदेने सोडला.

देशात सुमारे १.६५ लाख टपाल कार्यालयं आहेत, त्यांतली जवळपास ९० टक्के खेड्यांत. मोबाइलवरून पैसे जातात, हे खरं. पण पेन्शन, बचतखातं, कोर्टाची नोटीस यांसाठी वाडीवर आजही पोस्टच लागतं. व्यापार करार व्हावेत, त्याला हरकत नाही. फक्त पुढच्या कराराच्या बातमीत ‘सेवा क्षेत्र’ हा शब्द दिसला की आपल्या खासदाराला एवढं विचारा: शेवटच्या वाडीच्या टपालाचा खर्च कुणाच्या खात्यावर लिहिलाय?